सुलोचनादीदींची जन्मशताब्दी: सीमाभागाने आतापासूनच तयारीला लागावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ज्येष्ठ अभिनेत्री सुलोचना लाटकर, म्हणजे आपल्या सर्वांच्या सुलोचनादीदी, यांचा जन्म ३० जुलै १९२८ रोजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट या गावी झाला. २०२८ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतील. जन्मशताब्दी म्हटली की ऐनवेळी समिती नेमायची, प्रतिमेला हार घालायचा, पाहुण्यांची भाषणे ठेवायची आणि रात्री जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद बोलवायचा, अशी रीत आपल्याकडे पडून गेली आहे. ती या वेळी मोडावी आणि सीमाभागातील वाचनालये, महाविद्यालये व मराठी मंडळे यांनी दीदींचे मराठी चित्रपट लोकांना मोठ्या पडद्यावर पूर्ण दाखवण्याच्या तयारीला आतापासूनच लागावे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे. तरी विषयाचे मोल जाणून ते छापावे, ही विनंती.

४ जून २०२३ रोजी मुंबईत दीदींचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या शिवाजी पार्क स्मशानभूमीत त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्यानंतर आमच्या भागात झालेल्या एका शोकसभेला मी हजर होते. संयोजकांनी कळकळीने सारी व्यवस्था केली होती, सभागृहही भरले होते. पडद्यावर त्यांच्या चित्रपटांतील प्रसंग दाखवले गेले, ते मात्र सगळे हिंदी चित्रपटांतले, आणि त्यांतही देवघरापुढे हात जोडून उभी असलेली किंवा परतलेल्या मुलाला पोटाशी धरणारी आई एवढेच. वक्त्यांपैकी बहुतेकांनी ‘वात्सल्यमूर्ती’ हा एकच शब्द फिरवून फिरवून वापरला. ज्या मराठी चित्रपटांत त्या नायिका होत्या, त्यांतील एकही प्रसंग त्या संध्याकाळी कोणी दाखवला नाही. त्यांच्या जन्मजिल्ह्यात असे व्हावे, याचे मला फार वाईट वाटले, आणि ती खंत अजून गेलेली नाही.

आईच्या भूमिका त्यांनी केल्या आणि त्या उत्तमच केल्या, याबद्दल वाद नाही. पण त्या कोणत्या वयात त्यांच्या वाट्याला आल्या, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. १९५९ साली ‘दिल देके देखो’ प्रदर्शित झाला तेव्हा दीदींचे वय होते अवघे एकतीस, आणि त्या चित्रपटात त्या शम्मी कपूर यांच्या आई झाल्या आहेत. शम्मी कपूर त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये तर देव आनंद आणि प्राण हे दोघे त्यांचे मुलगे आहेत. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा आणि प्राण यांचा १९२० चा, म्हणजे पडद्यावरची आई दोन्ही मुलांपेक्षा वयाने लहान. नायकाने पन्नाशीकडे झुकतानाही विशीतल्या नायिकेबरोबर गाणी म्हणायची आणि त्याच्याहून धाकट्या अभिनेत्रीने केस पांढरे करून त्याच्या परतीची वाट पाहायची, हा त्या काळच्या हिंदी चित्रपटाचा दंडकच होता. दीदींनी तो निमूटपणे पत्करला आणि ‘कटी पतंग’, ‘रेश्मा और शेरा’, ‘मजबूर’ अशा दोनशेहून अधिक हिंदी चित्रपटांत काम केले. या कामामुळे त्यांचे नाव देशभर झाले, आणि त्याच कामाच्या सावलीत त्यांची मराठीतली पहिली वीस वर्षे झाकली गेली.

ती वीस वर्षे समजून घ्यायची तर आपल्या मुलुखापासूनच सुरुवात करावी लागते. खडकलाट हे निपाणी आणि चिक्कोडीच्या दरम्यानचे गाव. निपाणीहून बेळगाव लांब आणि कोल्हापूर जवळ, त्यामुळे इथल्या माणसाचा बाजार, दवाखाना, सोयरीक आणि करमणूक या सगळ्यांसाठी ओढा कोल्हापूरकडे असे, आजही आहे. आणि त्या काळचे कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटाचे माहेरघर. मास्टर विनायक यांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ या संस्थेच्या १९४३ सालच्या ‘चिमुकला संसार’ या चित्रपटात एका लहानशा भूमिकेत खेड्यातली ही मुलगी प्रथम कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. शालेय शिक्षण बेताचेच, बोली आपल्याकडची. लता मंगेशकर याही तेव्हा त्याच संस्थेत होत्या आणि दोघींचा स्नेह तिथलाच. संस्था मुंबईला गेल्यावर दीदी जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकर यांच्याकडे आल्या, आणि १९४६ च्या ‘सासुरवास’पासून नायिका म्हणून त्यांची वाटचाल सुरू झाली. सुलोचना हे नावही भालजींनीच दिलेले.

भालजींच्या तालमीत नटाला सगळे आले पाहिजे असा दंडक असे. वाचन, पाठांतर, स्पष्ट उच्चार, इतकेच काय घोड्यावरची मांडसुद्धा. दीदींनी आयुष्यभर भालजींना गुरू मानले आणि ‘बाबा’ म्हणूनच त्यांचा उल्लेख केला. गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ खाक झाला, त्यात ‘मीठभाकर’ या चित्रपटाचे झालेले कामही जळाले, आणि भालजींनी तो चित्रपट नव्याने उभा करून १९४९ मध्ये लोकांपुढे आणला. दीदींसह सगळ्या कलाकारांनी एकदा केलेले काम राखेतून पुन्हा उभे केले. चित्रपट हा धंदा किती बेभरवशाचा आणि कष्टाचा आहे, याचा एवढा मोठा धडा वयाच्या विशीतच मिळालेल्या या अभिनेत्रीने पुढे कधी मिजास केली नाही, यात मला नवल वाटत नाही.

त्यानंतरचे दशक हे त्यांच्या ऐन भराचे. शांताराम आठवले यांच्या ‘वहिनींच्या बांगड्या’मध्ये (१९५३) त्यांनी य. गो. जोशी यांच्या कथेतील वहिनी उभी केली, आणि धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखे वाढवणाऱ्या या बाईत घरोघरच्या वाचकांना व प्रेक्षकांना आपापली वहिनी दिसली. मला त्याहूनही अधिक मोलाचा वाटतो तो १९६१ चा ‘प्रपंच’. गदिमांची कथा, मधुकर पाठक यांचे दिग्दर्शन, आणि शाहीर अमर शेख कुंभाराच्या भूमिकेत. विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणणारे सुधीर फडके यांचे गाणे या चित्रपटातले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या चाकामागच्या घरातली, पोराबाळांच्या रगाड्यात आणि दारिद्र्यात पिचलेली कुंभारीण सुलोचनादीदींची आहे, हे किती जणांना आठवते? या भूमिकेत रूप खुलवायला वाव नाही, टाळ्या घेणारे संवाद नाहीत. नऊवारी नेसून चुलीपुढे बसणे, उठताना गुडघ्यावर हात टेकणे, मुलांच्या ताटात वाढताना आपल्याला काय उरेल याचा हिशेब नजरेनेच करणे, या गोष्टी ज्या बाईने खेड्यात पाहिल्या आणि केल्या आहेत तिलाच त्या इतक्या सहज करता येतात. शहरातल्या अभिनेत्रीला खेडवळ साडी नेसवली की पदर कसा सावरायचा इथपासून अडचण येते. दीदींच्या बाबतीत ती कधी आली नाही, आणि हे खडकलाटचे देणे आहे असे मी मानते.

‘मोलकरीण’ (१९६३) हा यशवंत पेठकर यांचा चित्रपट. मुलाला शिकवून मोठे करणारी आई परिस्थितीच्या फेऱ्यात त्याच्याच घरी मोलकरीण म्हणून राबते आणि आपली ओळख लपवते, अशी ही कथा. मुलगा रमेश देव आणि सून सीमा. आजच्या प्रेक्षकाला कथानक भावनेने ओथंबलेले वाटेल, आणि तसे ते आहेही. परंतु दीदींचे काम नीट पाहावे. या बाईला एकाच वेळी दोन गोष्टी करायच्या आहेत: मालकासमोर नोकराची अदब ठेवायची आणि त्याच माणसाकडे आईच्या डोळ्यांनी पाहायचे, तेही त्याच्या लक्षात येऊ न देता. त्या आवाज खाली ठेवतात, मान अर्धवट वळवतात, आणि समोरचा पाठमोरा झाला की क्षणभरच नजर त्याच्यावर ठरवतात. पी. सावळाराम यांनी लिहिलेले, वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले अंगाईगीत गेली साठ वर्षे रेडिओवर ऐकून आपल्याला पाठ झाले आहे, पण ते कोणत्या चेहऱ्यासाठी रचले गेले हे पडद्यावर पाहिल्याशिवाय त्याची धार कळत नाही.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. तिने आणि तिच्याबरोबरच्या बायकांनी ‘मोलकरीण’ एकत्र पाहिला होता. अंगावरची तंबाखूची भुकटी झटकून, पदर नीट करून, हप्त्याच्या पगारातले पैसे बाजूला काढून या बायका सिनेमाला जात, आणि दुसऱ्या दिवशी चाळणी हलवता हलवता त्यावर बोलत. आई सांगायची, की त्यांच्यातल्या एकीलाही सिनेमातल्या त्या बाईची कीव आली नव्हती. दुसऱ्याच्या घरी भांडी घासणे त्यांच्यासाठी रोजचेच होते. त्या बोलत होत्या ते तिच्या हुशारीबद्दल, तिने तोंड कसे बंद ठेवले याबद्दल. कष्टकरी बायकांनी एखाद्या नटीच्या कामाची अशी पारख करावी, ही मला कोणत्याही पुरस्काराहून मोठी पावती वाटते. आईच्या पिढीतल्या काही बायका आजही हयात आहेत. त्यांनी काय पाहिले आणि त्यांना काय वाटले, हे कोणी टिपून ठेवलेले नाही.

‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) मधील त्यांची जिजाऊ आणि परदेशी गेलेल्या मुलाच्या मागे एकाकी राहिलेली ‘एकटी’ (१९६८) मधील आई, या दोन भूमिका मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात अजून आहेत, म्हणून त्यांबद्दल अधिक लिहीत नाही. पण हिंदीतल्या एका भूमिकेबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण ‘वात्सल्यमूर्ती’ हा शिक्का खोडून काढायला ती एकटीच पुरेशी आहे.

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये (१९५९) दीदी चारू या उच्चवर्णीय गृहिणीच्या भूमिकेत आहेत. पोरकी झालेली एक दलित मुलगी त्यांच्या घरात वाढते. नवरा, म्हणजे तरुण बोस, तिला मनापासून मुलगी मानतो. चारूला ते जमत नाही. ती मुलीला उपाशी ठेवत नाही, मारत नाही. तिला खाऊपिऊ घालते, कपडे करते, आणि तरी कोणी पाहुणा आला की ही आपली मुलगी नव्हे हे त्याच्या कानावर घालायला विसरत नाही. दुष्ट सासू किंवा सावत्र आई रंगवणे सोपे, कारण तिथे डोळे वटारून भागते. इथे तर चांगल्या, प्रेमळ, देवभोळ्या बाईच्या मनात जात किती खोल रुतलेली असते हे दाखवायचे होते, आणि तेही प्रेक्षकाला तिचा तिटकारा येऊ न देता. आपल्या मुलीसाठी योजलेल्या मुलाचे मन सुजातावर जडले आहे हे कळल्यावर चारूचा जो संताप होतो, त्यात आईची माया आणि जातीचा अहंकार यांची गाठ अशी बसली आहे की एक सोडवायला गेले तर दुसरे हाताला लागते. शेवटी जिन्यावरून पडून ती जखमी होते आणि सुजाताचेच रक्त तिच्या उपयोगी पडते, तेव्हाचा बदल पटतो, कारण आधीचा हट्ट दीदींनी तितक्याच खरेपणाने उभा केलेला असतो. नूतन यांच्या अभिनयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण समोर ही चारू नसती तर सुजाताचे मौन इतके बोलके झाले नसते. आपल्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवले जाते. त्या वर्गांत हा चित्रपट का दाखवू नये?

आपल्या राज्यातले आणखी एक उदाहरण इथे आठवते. कन्नड चित्रपटसृष्टीतील पंढरीबाई ‘बेडर कण्णप्पा’मध्ये (१९५४) राजकुमार यांच्या नायिका होत्या, आणि पुढे त्यांनाही आईच्या भूमिकांनीच ओळखले जाऊ लागले. म्हणजे हा अन्याय एका भाषेपुरता नाही. कन्नड मित्रांशी बोलताना हा विषय निघाला की ते चटकन मान हलवतात, असा माझा अनुभव आहे.

एक छोटी पण आवश्यक गोष्ट सांगून टाकते. समाजमाध्यमांवर दीदींच्या नावाखाली कधी मूकपटाच्या काळातील सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांचे छायाचित्र फिरते, तर कधी लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण यांचे. तिघीही मोठ्या, पण तिघी वेगळ्या. निदान आपल्या शाळांच्या भित्तिपत्रकांवर तरी अशी गल्लत होऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. भारत सरकारने १९९९ मध्ये दीदींना पद्मश्री दिली, महाराष्ट्र शासनाने महाराष्ट्रभूषण देऊन त्यांचा गौरव केला. सन्मानात काही उणे राहिले नाही. उणे राहिले आहे ते त्यांचे काम आपल्या लोकांनी पाहण्यात. चित्रा, ग्लोब, रेक्स यांसारख्या बेळगावच्या जुन्या चित्रपटगृहांचे दिवस गेले, जत्रेत तंबू ठोकून दाखवला जाणारा सिनेमाही गेला. आता ‘प्रपंच’ किंवा ‘वहिनींच्या बांगड्या’ पाहायचा तर मोबाइलवरची पुसट, मध्येच तुटणारी प्रत शोधावी लागते, आणि तीतून चेहऱ्यावरचे काम दिसत नाही. ज्या अभिनेत्रीचा सगळा जोर डोळ्यांत आणि खालच्या आवाजात आहे, तिला अशा प्रतीतून पाहणे म्हणजे न पाहण्यासारखेच आहे. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आणि या चित्रपटांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे चांगल्या प्रतींची चौकशी आधी व्हायला हवी. अशा परवानग्यांना वेळ लागतो, पत्रव्यवहार चिकाटीने करावा लागतो, आणि एकट्यादुकट्या वाचनालयाला तो झेपत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील संस्थांनी एकत्र येऊन एकच पत्र पाठवले, तर त्याला वजन येईल.

चार-पाच चित्रपट निवडून ते निपाणी, खडकलाट, बेळगाव आणि खानापूर येथे पूर्ण दाखवावेत, तुकडे दाखवू नयेत. प्रत्येक चित्रपटाला कन्नड उपशीर्षके जोडावीत. आमच्या गल्लीतल्या कन्नड भाषक शेजारणीला मराठी बोललेले समजते, पण संवाद भरभर होऊ लागले की ती गोंधळते. तिनेही ‘मोलकरीण’ आमच्याबरोबर बसून पाहावा असे मला मनापासून वाटते. उपशीर्षके करण्याचे काम दोन्ही भाषा जाणणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना देता येईल. असे विद्यार्थी आपल्याकडे जितके आहेत तितके पुण्या-मुंबईला मिळणार नाहीत.

सीमाप्रश्नाबद्दल माझी मते ठाम आहेत आणि ती मी लपवत नाही. १९५६ साली १ नोव्हेंबरला आमच्यावर जे लादले गेले त्याचे दुःख आमच्या घरात तीन पिढ्यांनी वाहिले आहे. तरीही दीदींची शताब्दी हा त्या लढ्याचा मंच करू नये, असे मला वाटते. सभेला परवानगी मिळते की नाही, फलकावर अक्षरे कोणत्या भाषेत आणि किती मोठी, यातच सारी शक्ती खर्च झाली तर चित्रपट दाखवायचे राहून जातील आणि गर्दी चित्रपटासाठी जमली होती हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही. ज्यांना लढायचे आहे त्यांना बाकीचे दिवस मोकळे आहेत. या एका बाबतीत तरी मराठी मंडळांनी संयम ठेवावा, आणि जिल्हा प्रशासनानेही मोठ्या मनाने परवानगी द्यावी. कर्नाटकातल्या एका गावात जन्मलेल्या अभिनेत्रीचा सन्मान हा कर्नाटकाचाही सन्मान आहे.

खडकलाटमधील जुन्या घरांत, तसेच निपाणी, चिक्कोडी व संकेश्वर भागातील वाचकांकडे दीदींची पत्रे, गावभेटीची छायाचित्रे, जुन्या चित्रपटांच्या जाहिराती, गाण्यांची छापील पुस्तके असे काही असल्यास त्यांनी ते रद्दीत घालू नये. मूळ वस्तू स्वतःजवळ ठेवून तिची प्रत किंवा छायाचित्र जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नोंदवून द्यावे, मागे तारीख व माणसांची नावे लिहावीत. वाचनालयांनी यासाठी एक स्वतंत्र वही घालावी आणि जमलेल्या गोष्टींची यादी आपल्या वृत्तपत्राकडे वेळोवेळी पाठवावी. ती आपण छापाल, असा विश्वास वाटतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
निपाणी, जि. बेळगाव